जिथे पैशालाच पाऊस म्हणतात

मागच्या अंकात बोट्स्वानातल्या माझ्या शाळेविषयी मी ओझरतं लिहिलं होतं. १९९७ ते २०१० अशी तेरा वर्षं मी त्या देशाच्या उत्तरेला, माऊन गावात, विज्ञान शिकवलं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर मी त्यांनाच देऊन टाकते. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : बोट्स्वानाच्या चलनाला ‘पुला’ म्हणतात आणि पुला म्हणजे पाऊस, हे खरं का? देश तर कलाहारी वाळवंटाचा. मग नकाशात वरच्या कोपऱ्यात एवढा मोठा हिरवा त्रिभुज प्रदेश कसा दिसतो? समुद्र तर जवळपास कुठेच नाही. (भूगोल शिकवणाऱ्या एक वाचक)

अगदी खरं आहे. १९७६ साली देशाने स्वतःचं चलन काढलं, त्याला नाव दिलं पुला. पुलाच्या शंभराव्या भागाला म्हणतात थेबे, म्हणजे ढाल. राष्ट्रचिन्हावर खाली एकच शब्द आहे, तोही पुला. झेंड्याचा निळा रंग पाण्याचा. सभा संपली, लग्न लागलं, निकाल लागला की लोक एका आवाजात ‘पुला!’ म्हणून ओरडतात. आमच्या शाळेत वर्षाच्या पहिल्या पावसाला मुलं वर्ग सोडून पटांगणात धावायची आणि मुख्याध्यापकसुद्धा त्यांना रागवायचे नाहीत.

देश आकाराने महाराष्ट्राच्या पावणेदोनपटीहून मोठा, सुमारे ५ लाख ८१ हजार चौरस किलोमीटर. माणसं मात्र जेमतेम २४ लाख, एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. सत्तर टक्के भूभाग कलाहारीचा. पण कलाहारी म्हणजे उघड्यावाघड्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. वाळूवर गवत आहे, बाभळीच्या जातीची काटेरी झाडं आहेत. नाही ते फक्त वाहतं पाणी. नैर्ऋत्येला वर्षाकाठी २५० मिलिमीटर पाऊस, ईशान्येला चोबे नदीच्या बाजूला ६५० च्या आसपास, आणि पडेलच असा भरवसा कुणी देत नाही.

आता तुमच्या हिरव्या ठिपक्याविषयी. ओकाव्हांगो नदी अंगोलाच्या डोंगरात उगम पावते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडते आणि बोट्स्वानात शिरते. इथे जमिनीखाली भूकवचात मोठ्या भेगा आहेत. त्यांच्यामुळे मधला भूभाग खचला आणि नदी त्या खोलगट ताटात अडकली. समुद्राकडे जायला तिला वाटच उरली नाही. म्हणून ती पंज्यासारखी फाटे फोडत पसरते आणि तिथेच संपते. काही पाणी वाळूत मुरतं, बाकी बहुतेक सगळं उन्हाने आणि झाडांच्या पानांतून हवेत जातं. २०१४ साली हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो त्या यादीतला हजारावा.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट वेळेची आहे. अंगोलात पाऊस पडतो जानेवारी-फेब्रुवारीत. पण जमिनीचा उतार इतका नाममात्र की त्या पाण्याला माऊनपर्यंत यायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे इथला पाऊस थांबून तीन-चार महिने झालेले असतात, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि नेमका त्या कोरड्या थंडीत पूर येतो. आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना.

मी तो येताना पाहिला आहे. थामालाकाने नदीचं पात्र माझ्या घरापासून पाच मिनिटांवर होतं. एका जुलैत शेजारच्या मुलांनी हाका मारल्या, “म्मा (म्हणजे बाई), पाणी आलं!” गेले तर पात्र कोरडंच. मुलांनी बोट दाखवलं तेव्हा दिसलं. दोन-तीन बोटं जाडीची एक ओली जीभ वाळूवरून सरकत होती, माणूस रमतगमत चालेल त्याहूनही हळू. पुढच्या कडेला फेस, काड्या, सुकी पानं. पानांवर चढून बसलेल्या मुंग्या. वाळूतल्या भोकांतून हवेचे बुडबुडे फुटत होते आणि किडे जीव घेऊन बाहेर पळत होते. त्यांना टिपायला बगळे पाण्याच्या दोन पावलं पुढे चालत होते. आमच्या शेजारच्या आजी, त्यांना सगळे ‘न्कुकू’ म्हणत, म्हणजे आजीच, वाकल्या, ओंजळ भरली आणि ते गढूळ पाणी तोंडावरून फिरवलं. मीही तेच केलं.

त्रिभुज प्रदेशातली बेटं कशी होतात हेही सांगते, कारण मी ते वर्गाला प्रत्यक्ष दाखवत असे. वाळवी वारूळ बांधते. पूर आला की वारुळाचं टोक तेवढं वर राहतं. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बी पडतं, झाड उगवतं. झाडांची मुळं चारी बाजूंनी पाणी ओढतात, पाणी पानांतून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते सगळे बेटाच्या पोटात साठत जातात. म्हणून मोठ्या बेटाच्या कडेला दाट झाडी आणि मधोमध पांढरं उजाड मैदान असतं. ती पांढरी खपली जिभेला लावली की खाण्याच्या सोड्यासारखी चव लागते. वर्गातल्या प्रत्येकाला मी ती चाखायला लावली होती. आजूबाजूचं पाणी गोडं राहतं ते याच बेटांच्या पुण्याईने.

प्रश्न : हिरे सापडले तरी हा देश भांडणात बुडाला नाही, असं वाचलं. हे कसं जमलं? आणि आता हिऱ्यांचा भाव पडतोय, तर पुढे काय? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी)

१९६६ च्या ३० सप्टेंबरला देश स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. ब्रिटिश या मुलखाचा कारभार मुलखाबाहेरून, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून पाहत. राजधानीसुद्धा नव्याने बांधावी लागली. मिळकत म्हणजे गुरं, आणि तीही दुष्काळाने खंगलेली.

पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा. बांग्वातो या मोठ्या जमातीच्या गादीचे वारस. १९४८ साली लंडनमध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वंशभेदी सरकारला ते खपलं नाही आणि ब्रिटिशांनी त्यांना वर्षानुवर्षं मायदेशी येऊ दिलं नाही. १९५६ साली गादीवरचा हक्क सोडून ते परत आले. हा माणूस मला फार मोठा वाटतो, आणि त्याचं कारण पुढे आहे.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, १९६७ मध्ये, ओरापाला हिऱ्यांची खाण सापडली. ती जमीन बांग्वातोंची, म्हणजे खामांच्या स्वतःच्या लोकांची. त्याच वर्षी त्यांच्या सरकारने कायदा केला की जमिनीखालची खनिजं कुठल्या एका जमातीची नाहीत, सगळ्या देशाची आहेत. तुम्ही विचारलंत ते ‘कसं जमलं’ मला तरी इथेच दिसतं. ज्याच्या घरात लक्ष्मी आली त्यानेच दार उघडून दिलं, मग बाकीच्यांनी भांडायचं कशावरून? पुढे डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबर ‘डेब्स्वाना’ ही कंपनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत चालली. त्या पैशांतून रस्ते, शाळा, दवाखाने झाले. काही रक्कम ‘पुला फंड’ या नावाने पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवली जाते. गावोगावच्या ज्या शाळांत आम्ही परदेशी शिक्षक गेलो, त्याही याच पैशाच्या.

वाळवीची गोष्ट इथेही आहे. ज्वानेंगची खाण, उत्पन्नाच्या किमतीने जगातली सर्वांत श्रीमंत गणली जाणारी, जाड वाळूखाली दडलेली होती. वाळवी पाण्याच्या शोधात खूप खोल जाते आणि खालची माती कणाकणाने वर आणते. त्या कणांत हिऱ्यांच्या खडकाबरोबर आढळणारी खनिजं मिळाली आणि माग लागला. १९८२ साली खाण सुरू झाली. ‘ज्वानेंग’ या नावाचा अर्थ बारीक खड्यांची जागा.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग. देशाच्या निर्यातीतला सुमारे ऐंशी टक्के पैसा हिऱ्यांचा. कारखान्यात तयार होणारा हिरा स्वस्त झाला, मागणी घटली, आणि २०२४ पासून डेब्स्वानाला उत्पादन कमी करावं लागलं. कारोवेच्या खाणीत २०२४ मध्ये २४९२ कॅरटचा प्रचंड हिरा निघाला, जगभर फोटो छापले गेले. पण एका खड्याने वर्षभराचं अंदाजपत्रक भरत नाही. तरुणांतली बेकारी मोठी आहे. माझे विद्यार्थी फोनवर बोलतात तेव्हा पहिला विषय नोकरीचाच असतो. त्याच वर्षी निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून अठ्ठावन्न वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला. मावळत्या अध्यक्षांनी लगेच पराभव मान्य केला आणि डुमा बोको नवे अध्यक्ष झाले. दगड नाही की गोळी नाही. पैशांची चणचण असतानाही हे झालं, याचं मला फार अप्रूप आहे.

प्रश्न : तिथे शाकाहारी माणसाचं कसं होणार?

चांगलं होतं. ज्वारी हे त्यांचं मूळ धान्य. तिच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं ‘बोगोबे’ रोजचं, आणि सोबत ‘मोरोगो’, म्हणजे पालेभाजी. चवळीचा पाला शिजवून वाळवून वर्षभर ठेवतात. ‘मदिला’ हे विरजलेल्या दुधातलं पाणी काढून टाकून करतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला चक्काच वाटला. मांसाहारी असाल तर नुसत्या मिठावर शिजवून कुटलेलं ‘सेस्वा’ खा. मोपानी झाडावरच्या अळ्या वाळवून, तळून खातात. ते बाजारात मापाने विकलं जाणारं मानाचं अन्न आहे, त्याला नाक मुरडू नका.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. हत्ती पाहायला कधी जावं? आणि इतके हत्ती आहेत तर शेतकरी काय करतात?

मे ते ऑक्टोबर. रानातले डबके आटतात आणि कळप चोबे नदीवर उतरतात. संध्याकाळी नदीकाठी थांबलात तर एका नजरेत मावणार नाहीत इतके हत्ती दिसतील. त्रिभुज प्रदेशात जून ते ऑगस्ट पाणी भरलेलं असतं, तेव्हा ‘मोकोरो’तून फिरा. पूर्वी ही होडी एका झाडाच्या खोडातून कोरत, आता झाडं वाचवायला फायबरची करतात. उभा राहून काठीने ढकलत नेणारा नावाडी पाणघोड्याची वाट ओळखतो, त्याचं ऐका. प्रवास महाग पडेल. थोडी माणसं, जास्त दर, हे तिथल्या सरकारचं ठरवलेलं धोरण आहे आणि रान शाबूत राहिलंय ते त्यामुळेही. माखाडीखाडीच्या मिठागरांवरची गोरखचिंचेची जुनी झाडं चुकवू नका. उत्तरेत हिवताप आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घेऊन जा.

हत्ती सुमारे १ लाख ३० हजार. जगात कुठल्याही देशात इतके नाहीत. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नावर मात्र मला न्कुकूंच्या शेताबद्दलच बोलायला हवं. शोरोबे गावाकडे त्यांचं ज्वारी आणि कलिंगडाचं शेत होतं. एका एप्रिलमध्ये, कापणीला आठवडा उरलेला असताना, रात्रीत सहा हत्ती आले. सकाळी आम्ही गेलो तेव्हा उभं म्हणून एक ताट राहिलं नव्हतं. परातीएवढाली पावलं मातीत उमटली होती आणि त्यांत कलिंगडाच्या बिया चिकटलेल्या. न्कुकू बराच वेळ बांधावर बसून राहिल्या. नंतरच्या वर्षी त्यांनी हत्तीच्याच शेणात मिरच्या कुटून विटा थापल्या आणि संध्याकाळी शेताच्या कडेने धुमसत ठेवल्या. त्या धुराने हत्ती फिरकत नाहीत. वारा उलटा फिरला की आम्हीही खोकून बेजार व्हायचो, पण पीक वाचलं.

२०१४ साली सरकारने शिकारीवर बंदी आणली आणि २०१९ मध्ये ती उठवली. जर्मनीने शिकारीच्या वस्तूंवर निर्बंध आणायचं म्हटल्यावर २०२४ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवतो असं सुनावलं. मला स्वतःला शिकार बघवत नाही. पण हत्तींच्या बाजूने बोलणाऱ्याने एकदा त्या बांधावर बसावं, एवढं मी जरूर म्हणेन.

झेब्र्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रानरेड्यांपासून गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून देशात मैलोन्मैल कुंपणं घातली, कारण गोमांस युरोपात विकलं जातं आणि रोग निघाला की विक्री बंद. १९६८ च्या कुंपणाने ओकाव्हांगो ते माखाडीखाडी ही झेब्र्यांची जुनी वाट तुटली. २००४ साली ते कुंपण काढलं. काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेने जाऊ लागले. मधे छत्तीस वर्षं गेली होती. झेब्रा इतकं जगत नाही, म्हणजे ती वाट आधी चाललेला एकही त्यांच्यात नव्हता. गळ्यात पट्टे बांधून शास्त्रज्ञांनी हे टिपलं. मी ते वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “म्मा, पहिला पाऊस कुठे पडला ते त्यांना कळत असणार.” यापेक्षा चांगलं उत्तर मला आजही सुचत नाही.

प्रश्न : बुशमन लोक अजून शिकारीवर जगतात का?

त्यांना सान म्हणा, तिथल्या सेत्स्वाना भाषेत बसार्वा म्हणतात. आज बहुतेकजण वस्त्यांत राहतात आणि मोलमजुरी करतात. मध्य कलाहारीच्या अभयारण्यातून त्यांना १९९७ आणि २००२ मध्ये हलवण्यात आलं. ते न्यायालयात गेले आणि २००६ साली जिंकले. २०११ मध्ये विहीर वापरण्याचा हक्कही त्यांनी न्यायालयातूनच मिळवला. स्वतःच्या भूमीवर पाणी पिण्यासाठी खटला लढावा लागणं, हे या गुणी देशाच्या अंगावरचं वळ आहे आणि तसं म्हणायला मी कचरत नाही.

माझ्या वर्गात एक सान मुलगा होता. त्याच्या नावाची सुरुवात जिभेने टाळूवर ‘टक्’ करून व्हायची. मला तो आवाज जमेना. तीन आठवडे मी हजेरीत तो गाळूनच नाव घेत होते आणि तो निमूट ‘हजर’ म्हणत होता. एक दिवस मधल्या सुट्टीत तो स्वतः आला आणि माझ्यासमोर दहा वेळा नाव उच्चारून दाखवलं. शाळेत सेत्स्वाना आणि इंग्रजी, त्याच्या घरची भाषा कुठेच नाही. निदान नाव तरी मला नीट घेता यायला हवं होतं. त्यांच्या पूर्वजांची साडेचार हजारांवर चित्रं त्सोडिलोच्या टेकड्यांवर आहेत. जाल तेव्हा स्थानिक वाटाड्या घ्या.

प्रश्न : मी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी राजधानीला जाते आहे. एकटीच. लोक कसे आहेत? काय लक्षात ठेवू?

सगळ्यात आधी राजधानीचं नाव. लिहिताना ‘ग’, पण बोलताना ‘ख’ सारखं, ‘खाबोरोने’. दुसरं, आधी नमस्कार, मग काम. बाईला ‘दुमेला म्मा’, पुरुषाला ‘दुमेला रा’. पहिल्याच आठवड्यात मी बाजारात जाऊन एका बाईंना थेट टोमॅटोचा भाव विचारला. त्या माझ्याकडे शांतपणे पाहत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, “दुमेला, म्मा.” मग तब्येत विचारली, मग भाव सांगितला, आणि दोन टोमॅटो वर घातले. वस्तू देताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला लावलेला.

लोकांची एक पद्धत समजून घ्या. जुन्या रीतीने घराची तीन ठिकाणं असतात. गावातलं घर, शेतावरचं घर आणि दूर रानात गुरांचा गोठा. सुट्टी लागली की ऑफिसातला साहेबसुद्धा गुरांकडे जातो. प्रत्येक जमातीचा एक प्राणी असतो, आपल्याकडे देवक असतं तसा. बांग्वातोंचं एक छोटं हरिण, बाक्वेनांची मगर. तो प्राणी मारायचा नाही, खायचा नाही.

गावात ‘खोत्ला’ भरते, झाडाखालची पंचायत. जमलं तर एकदा जाऊन बसा, गुडघ्याखाली येईल असा घागरा घालून. कुणीही उठून प्रमुखाला बोलू शकतं आणि मधे कुणी तोडत नाही. त्यांची म्हण आहे की खोत्लात बोललेला प्रत्येक शब्द सुंदर असतो. मी पाहिलेल्या एका बैठकीत एक म्हातारे गृहस्थ पाऊण तास एकाच बोअरवेलबद्दल बोलले. सगळ्यांनी ऐकलं.

शनिवारी पहाटे कुणी बोलावलं तर समजा अंत्यविधी आहे. जा. मी पोचले ती एड्सची सगळ्यात वाईट वर्षं होती. तेव्हाच्या अंदाजाने प्रौढांत दर तिघांपैकी एकाला लागण, आणि शनिवार मोकळा जात नसे. चौदा वर्षांची मुलगी धाकट्या तिघांचं आवरून शाळेत यायची आणि प्रयोगवहीवर डोकं ठेवून झोपायची. मी तिला उठवत नसे. २००२ साली सरकारने सर्वांना मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत सगळ्यात आधी पाऊल उचलणाऱ्यांत हा देश होता. त्या योजनेचं नाव ‘मासा’, नवी पहाट. दोन-तीन वर्षांत आमच्या शाळेच्या पालकसभेला पुन्हा आया येऊ लागल्या. ती मुलगी आता परिचारिका आहे. तिने पाठवलेली टोपली माझ्या समोर आहे, ताडासारख्या झाडाच्या पात्यांची. वरच्या नक्षीला ‘जिराफाचे अश्रू’ म्हणतात.

निरोपाचे शब्द दोन आहेत, त्यांत घोटाळा करू नका. जो निघतो तो मागे राहणाऱ्याला म्हणतो ‘साला सेन्टले’, सुखाने राहा. राहणारा जाणाऱ्याला म्हणतो ‘त्सामाया सेन्टले’, सुखाने जा. तेव्हा तुम्हाला, त्सामाया सेन्टले, म्मा.